एकेका बेडचा हिशेब

वाशीम जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेऊन नद्यांच्या रेषांवरून बोट फिरवलं की या मुलखाचं पाण्याचं दुखणं लगेच उमगतं. काटेपूर्णा इथल्या डोंगरात उगम पावते आणि अकोल्याकडे उतरून पूर्णेमार्गे तापीला जाते. अडाण इथलीच, अरुणावतीही इथलीच. त्या दोघी गोदावरीच्या खोऱ्याकडे वळतात. पैनगंगा तेवढी बुलढाण्याकडून येते आणि जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पुढे निघून जाते. जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. इथे पडलेला पाऊस दोन दिशांना वाटला जातो. म्हणून इथली शहरं लहान-मध्यम धरणांवर जगतात. वाशीम एकबुर्जीवर, कारंजा अडाणवर, मंगरुळपीर मोतसावंग्यावर. पाऊसकाळ संपत आला की चौकात, बँकेत, एसटी स्टँडवर एकच विचारणा असते: धरण किती भरलं?

हा प्रश्न रास्तच आहे. ज्या वर्षी धरण अर्धं राहतं त्या वर्षी नळ किती दिवसांनी येणार, टिपाडं किती भरून ठेवायची, टँकर कधी सुरू होणार, हे सगळं त्याच उत्तरावर ठरतं. पण धरणातलं पाणी आणि घरातला माठ यांच्या मधे एक इमारत असते. गावाबाहेर, बहुतेक एखाद्या टेकाडावर, कुंपणाच्या आत. लोक तिला फिल्टर प्लांट म्हणतात आणि जवळून जाताना तिच्याकडे पाहतही नाहीत. त्या इमारतीत आज काय चाललं आहे, हे शहरातल्या शंभरातल्या एकालाही ठाऊक नसतं. मला ही मोठी उणीव वाटते, कारण धरण किती भरलं यावर पाणी मिळेल की नाही हे ठरतं, तर ते पिऊन लेकरू आजारी पडेल की नाही हे त्या इमारतीत ठरतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राची अमृत २.० योजना आली आणि लहान नगर परिषदांच्या पाणी योजनांनाही निधीची वाट मोकळी झाली. जुनी जलशुद्धीकरण केंद्रं दुरुस्त करायची, त्यांचे व्हॉल्व्ह आणि पॅनेल बदलायचे, सगळं संगणकाच्या पडद्यावर आणायचं, असे प्रस्ताव आता गावोगाव बनतात. त्यात ‘फिल्टरच्या नियंत्रणाचं आधुनिकीकरण’ अशी एक ओळ असते. ही ओळ नेमकी कशाबद्दल आहे, आणि तिच्यात काय असायला हवं, हे या लेखात सांगायचं आहे.

०००

आधी पाण्याबद्दल. वऱ्हाडातली जमीन काळी, बेसॉल्टच्या झिजेतून बनलेली. सोयाबीन-कापूस पिकवणारी ही माती शेताला वरदान असली तरी पाणी शुद्ध करणाऱ्याची ती परीक्षा पाहते. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत उघडी शेतं वाहतात आणि धरणात चहाच्या रंगाचं पाणी येतं. त्यातली वाळू-रेती तासाभरात तळाला बसते. चिकणमातीचा कण मात्र दोन मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा बारीक. त्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे असे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात. बादलीत भरून ठेवलं तर दिवसचे दिवस ते पाणी गढूळच राहील.

म्हणून तुरटी. आपल्या आज्या रांजणात तुरटीचा खडा फिरवायच्या, तेच काम केंद्रात हिशेबाने होतं. तुरटीचं द्रावण किंवा हल्ली पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड पाण्यात झपाट्याने मिसळतात, त्याने कणांचा भार मारला जातो. मग पाणी हळूहळू ढवळत ठेवलं की कण एकमेकांना धरतात आणि गुठळ्या होतात. क्लॅरिफायरच्या मोठ्या गोल टाकीत त्या गुठळ्या खाली बसतात आणि वरचं बरंचसं निवळ पाणी फिल्टर बेडकडे जातं. तुरटी किती घालायची हे रोज ठरवावं लागतं. त्यासाठी काचेची पाच-सहा भांडी घेऊन वेगवेगळ्या मात्रेची जार टेस्ट करतात. पावसाळ्यात पाणी सकाळी एक आणि दुपारी दुसरं असतं, तेव्हा ही चाचणी दिवसातून एकदा करून भागत नाही.

फिल्टर बेड म्हणजे काँक्रीटचा हौद. तळाला पाणी गोळा करणाऱ्या नळ्या किंवा नोझल, त्यावर गोट्यांचा थर, त्यावर साठ-पंचाहत्तर सेंटिमीटर वाळू. वाळूचा दाणाही निवडलेला, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. बहुतेकांना वाटतं की वाळू चाळणीचं काम करते. तसं नाही. वाळूच्या दाण्यांमधली फट मातीच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असते. तुरटीने भार मारलेला कण त्या फटीतून जाताना वाळूच्या अंगाला चिकटतो, ओल्या भिंतीला धूळ चिकटावी तसा. म्हणजे तुरटी चुकली की वाळू निकामी, मग ती कितीही चांगली असो. आणि चिकटलेला कण कायम चिकटून राहतो असंही नाही. पाण्याचा वेग एकाएकी वाढला तर तो सुटतो आणि पुढे जातो. फिल्टरच्या नियंत्रणाचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे: बेडमधून जाणाऱ्या पाण्याला धक्का बसता कामा नये.

०००

जुन्या केंद्राच्या फिल्टर हाऊसमध्ये शिरलं की मधे लांब गॅलरी आणि दोन्ही बाजूंना बेड दिसतात. प्रत्येक बेडला पाच व्हॉल्व्ह: पाणी आत येण्याचा, गाळलेलं पाणी बाहेर जाण्याचा, धुण्याचं पाणी खालून सोडण्याचा, हवेचा, आणि मळी काढून टाकण्याचा. बेडसमोर एक टेबल, त्यावर चाकं किंवा दांडे, आणि एक-दोन तबकड्या. पैकी एक तबकडी हेडलॉस दाखवते. वाळूत घाण साठत जाते तसा पाण्याला अडथळा वाढतो. तो किती वाढला हे मीटरमध्ये कळतं. साधारण दोन मीटरच्या आसपास गेला की बेड धुवायला घ्यायचा. दुसरी तबकडी बेडमधून किती पाणी जातं ते दाखवते, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपवर बसवलेला नियंत्रक तो प्रवाह एकसारखा ठेवतो.

असं व्हायला हवं. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या केंद्रांत या तबकड्यांचे काटे वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर अडकलेले असतात आणि नियंत्रक गंजून उघड्या अवस्थेत थांबलेले असतात. मग बेड कधी धुवायचा? घड्याळाने. आज सकाळी पहिला आणि दुसरा, उद्या तिसरा आणि चौथा. किंवा पाणी बेडच्या काठापर्यंत चढलं म्हणजे.

बेड धुण्याचं कामही सोपं नाही. आत येणारं पाणी बंद करायचं, वाळूच्या वर वीतभर पाणी राहीपर्यंत पातळी उतरू द्यायची, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मळीचा उघडायचा. ब्लोअर चालू करून खालून हवा सोडायची, तीन-चार मिनिटं. वाळू उकळल्यासारखी खदखदते आणि दाण्यांना चिकटलेली घाण सुटते. हवा बंद करून मग खालून पाणी सोडायचं, आधी कमी, नंतर पूर्ण. आठ-दहा मिनिटांत वरून वाहणारं काळं पाणी निवळत जातं. मग उलट क्रमाने सगळं पुन्हा. धुण्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह घाईने उघडला तर खालचे गोटे हलतात, वाळू नोझलमध्ये उतरते, बेड एका जागी फुटतो आणि त्या भगदाडातून पाणी न गाळता जाऊ लागतं. हवा कमी पडली तर वाळूत चिखलाचे गोळे बनतात. वाळू दिसायला जागेवरच असते, बेड आतून मेलेला असतो.

हे सगळं एक माणूस, चाकं फिरवून, कधी रात्री दोन वाजता, कधी लाइट गेलेली असताना करतो. त्याच्या हाताच्या अंदाजावर शहराचं पाणी अवलंबून असतं. त्या हाताला मी कमी लेखत नाही. वीस वर्षं बेड धुतलेला माणूस वाळूच्या खदखदीवरून कुठलं नोझल बुजलं आहे ते सांगू शकतो. पण तो निवृत्त होतो, आणि त्याच्या जागी ठेकेदाराकडचा एखादा पोरगा येतो, ज्याला कुणी काही शिकवलेलं नसतं.

पाण्याचा हिशेबही पाहू. समजा बेड वीस चौरस मीटरचा आहे. धुताना दर चौरस मीटरला मिनिटाला ५०० लिटर पाणी लागतं असं धरलं, तर दहा मिनिटांत एक लाख लिटर शुद्ध केलेलं पाणी गटारात जातं. भुयारी गटार नसलेल्या शहरात माणशी रोज ७० लिटर हा मापदंड धरतात. म्हणजे एक बेड एकदा धुणं म्हणजे चौदाशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. ज्या शहरात उन्हाळ्यात नळ आठवड्याने येतो तिथे गरज नसताना घड्याळ पाहून बेड धुणं ही उधळपट्टी आहे. आणि गरज असताना न धुणं त्याहून वाईट, कारण तेव्हा साठलेली घाण वाळू ओलांडून पुढे जाते. या दोन चुकांच्या मधली वेळ दाखवणारा काटा चालू हवा. आधुनिकीकरणाचा पहिला अर्थ एवढाच आहे.

०००

हा काटा प्रत्येक बेडला वेगळा का हवा, हे कळायला थोडं मागे जाऊ. सन १८९२. जर्मनीतलं हॅम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता पीत होतं. त्याला लागूनच असलेलं आल्टोना हे शहर त्याच नदीचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे जास्त घाण पाणी घेत होतं. पण वाळूतून गाळून. त्या उन्हाळ्यात कॉलऱ्याने हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून अधिक माणसं मेली. आल्टोना जवळपास वाचलं. दोन शहरांच्या हद्दीवरच्या एकाच रस्त्यावर एका बाजूला रोग होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. वाळूच्या गाळणीचा याहून मोठा पुरावा जगाला मिळालेला नाही, आणि पाण्याच्या पुस्तकांत ही गोष्ट आवर्जून असते.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १८९३ च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, आल्टोनातही कॉलऱ्याचे रुग्ण निघाले. रॉबर्ट कॉख यांनी तपास केला. थंडीत बेड साफ करताना वाळूवर बर्फ धरला होता आणि त्यामुळे तो बेड नीट गाळत नव्हता. बाकीचे बेड चोख काम करत होते, पण सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन शहरात जात होतं. कॉख यांनी त्यानंतर आग्रह धरला की प्रत्येक बेडचं पाणी वेगळं, रोज तपासलं पाहिजे. सगळ्यांचं एकत्र झाल्यावर नाही.

शंभर वर्षांनी हाच धडा अमेरिकेला पुन्हा शिकावा लागला. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये मिलवॉकी शहरात अंदाजे चार लाख तीन हजार लोक जुलाबाने आजारी पडले. शहराला मिशिगन सरोवराचं पाणी. दोन केंद्रं, दोन्ही यंत्रसज्ज. त्यांतल्या दक्षिणेकडच्या केंद्रातून गढूळपणा वाढलेलं पाणी बाहेर गेलं आणि त्याबरोबर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. याचं कवच चार ते सहा मायक्रॉनचं आणि क्लोरिनला दाद न देणारं. त्या केंद्रात त्याला अडवू शकत होता तो फक्त फिल्टर. तपासात काय निघालं? तुरटीसारख्या रसायनाची मात्रा ठरवायला मदत करणारं यंत्र चुकीचं बसवलेलं होतं, म्हणून वापरात नव्हतं. गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा सतत मोजणारे मापकही वापरात नव्हते. नमुना आठ तासांतून एकदा घेतला जात होता. आणि या आठ तासांत काय काय होऊन गेलं ते आजारी माणसांच्या संख्येवरून कळलं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या अनेकांचे त्यात जीव गेले.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नियम केला: मोठ्या केंद्रांनी प्रत्येक फिल्टरच्या पाण्याचा गढूळपणा सतत मोजायचा आणि दर पंधरा मिनिटांनी नोंदवायचा. कॉख यांचंच म्हणणं, नव्या मापकासह.

आपल्याकडे भारतीय मानक १०५०० हे पिण्याच्या पाण्यासाठी आहे. २०१२ च्या आवृत्तीनुसार गढूळपणा एक एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचं माप) असावा. दुसरा स्रोतच नसेल तर पाचपर्यंत चालतो. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. आपल्या नगर परिषदा नमुने घेतात, ते प्रयोगशाळेत जातात, अहवाल येतो. पण नमुना बहुतेक वेळा सगळ्या बेडचं पाणी एकत्र झाल्यानंतरचा असतो. चार बेडपैकी तीन अर्धा एनटीयू देत असतील आणि चौथा फुटून अडीच देत असेल, तर एकत्र पाणी एकच भरेल. कागदावर सगळं मानकात. चौथ्या बेडमधून काय जातं आहे ते कुणालाच कळणार नाही.

आणि ज्यांना हे दूरदेशीचं वाटतं त्यांनी जानेवारी २०२५ चं पुणं आठवावं. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले आणि पुढे राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. हात-पाय लुळे पडलेली धडधाकट माणसं अतिदक्षता विभागात गेली. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. महापालिकेत आलेल्या त्या गावांना शुद्धीकरण केंद्राचं पाणी मिळत नव्हतं. विहिरीत आलेलं पाणी क्लोरिन घालून दिलं जात होतं. आणि वऱ्हाडातच, जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला दूषित विहिरीच्या पाण्याने कॉलरा झाला, माणसं दगावली. पुण्यासारखं श्रीमंत शहर आणि मेळघाटातली गावं एकाच दाखल्यात येतात, कारण दोन्हीकडे पाण्यात आणि माणसात फिल्टरची भिंत नव्हती.

०००

आता प्रस्तावातल्या त्या ओळीकडे. फिल्टरचं नियंत्रण आधुनिक करायचं म्हणजे साधारण इतकं सामान येतं: चाकांच्या जागी मोटरवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे अॅक्च्युएटर, प्रत्येक बेडवर पातळी मोजणारा सेन्सर, हेडलॉसचा मापक, बाहेरच्या पाइपवर प्रवाहमापक, गढूळपणाचा मापक, हे सगळं जोडून व्हॉल्व्हना क्रमाने हुकूम देणारा छोटा संगणक म्हणजे पीएलसी, आणि सगळे आकडे एकत्र दाखवणारा ऑफिसातला स्काडाचा पडदा. बटण दाबलं की बेड धुण्याचा सगळा क्रम आपोआप पार पडतो. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद झाल्याची खात्री झाल्याखेरीज धुण्याचं पाणी सुटतच नाही. व्हॉल्व्ह हळूहळू उघडतात, बेडला धक्का बसत नाही. एक बेड धुवायला बंद केला की त्याचा भार बाकीच्यांवर एकदम न पडता सावकाश वाटला जातो. नीट बसलं आणि नीट सांभाळलं तर यासारखं सुख नाही.

सांभाळलं तर. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपते आणि दोष दिसू लागतात. वळवाच्या विजेने एखादं कार्ड जळतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला की नाही हे सांगणारा छोटा स्विच गंजतो, मग पीएलसी क्रम मधेच थांबवतो आणि कर्मचारी वैतागून सगळं ‘मॅन्युअल’वर टाकतो. गढूळपणाच्या मापकाची काच महिनोन्‌महिने पुसली जात नाही, त्याला ठरलेल्या द्रावणाने तपासून घेतलं जात नाही, तो वाटेल तो आकडा दाखवतो. प्रोग्रॅमचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो अभियंता दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. पडद्यावर हिरवे दिवे लागलेले असतात आणि गॅलरीत माणूस पुन्हा चाक फिरवत असतो; फरक इतकाच की आता ते चाकही अॅक्च्युएटरच्या पोटात गेल्यामुळे जड फिरतं.

यावर ‘आपल्याकडे यंत्रं नकोतच’ असं म्हणणं सोपं आहे. ते मला पटत नाही. पण एका मराठी अभियंत्याचं काम इथे आठवलं पाहिजे, कारण त्यांनी या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला होता. डॉ. जे. एन. करडिले यांनी १९७० च्या दशकात राज्यातल्या लहान गावांसाठी साधी शुद्धीकरण केंद्रं उभारली. नागपूर जिल्ह्यातलं रामटेक १९७३ मध्ये, जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव १९७७ मध्ये, आणि पुढे नाशिक जिल्ह्यातलं चांदोरी. ढवळण्यासाठी फिरती यंत्रं न घेता त्यांनी पाणी गोट्यांच्या थरातून नेलं. वाळूवर नारळाच्या करवंटीचे तुकडे घालून दोन थरांचा फिल्टर केला. वरच्या भरड थरात बरीच घाण अडकते, म्हणून बेड जास्त वेळ चालतो आणि धुणं कमी लागतं. आयात करावा लागणारा अँथ्रासाइट कोळसा सोडून आपल्या बाजारात मिळणारी करवंटी त्यांनी वापरली. परदेशातल्या पाण्याच्या अभियंत्यांनी या केंद्रांची दखल घेतली, १९८४ मध्ये आलेल्या शुल्झ आणि ओकून यांच्या ग्रंथात त्यांची वर्णनं आहेत. वऱ्हाडातल्या किती नगरसेवकांनी करडिल्यांचं नाव ऐकलं असेल, याचा विचार मनात येतो आणि वाईट वाटतं.

करडिल्यांकडून घेण्यासारखी गोष्ट करवंटीपुरती नाही. जे बिघडेल आणि गावात दुरुस्त होणार नाही, ते आधी टाळता येतं का पाहावं, ही ती दृष्टी. प्रवाह एकसारखा ठेवण्यासाठी दरवेळी मोटर आणि संगणक लागतोच असं नाही. आत येणारं पाणी सगळ्या बेडना सारख्या उंचीच्या भिंतीवरून वाटलं तर ते आपोआप समान वाटलं जातं. हेडलॉस पाहण्यासाठी भिंतीवर दोन पारदर्शक नळ्या आणि मधे एक मोजपट्टी पुरते; त्यांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजेच हेडलॉस. तो वीज गेली तरी दिसतो आणि त्याला पासवर्ड लागत नाही.

म्हणून माझं मत असं, की आधुनिकीकरणात क्रम महत्त्वाचा. आधी गळके व्हॉल्व्ह बदला. धुण्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह गळत असेल तर कुठलाही मापक खरं सांगणार नाही. बेड उपसून वाळू पाहा; चिखलाचे गोळे असतील तर वाळू बदला, नोझल तपासा. मेलेल्या बेडवर सेन्सर बसवण्यात अर्थ नाही. त्यानंतर प्रत्येक बेडच्या बाहेरच्या पाइपवर गढूळपणाचा मापक, आणि त्याला बॅटरीचा आधार. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ती ही. मग अॅक्च्युएटर आणि पीएलसी. पडदा सगळ्यात शेवटी. निविदांमध्ये बहुधा उलटं होतं, कारण उद्‌घाटनाच्या फोटोत पडदा येतो, पाइपवरचा मापक येत नाही.

आपल्या शहरांची आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. आपली केंद्रं अखंड चालत नाहीत. वीज जाते, पंप बंद पडतो, वेळापत्रकाप्रमाणे उपसा थांबतो. बेड थांबून पुन्हा सुरू झाला की पाण्याच्या धक्क्याने वाळूला चिकटलेली घाण सुटते आणि पहिली काही मिनिटं गढूळ पाणी बाहेर येतं. नुकत्याच धुतलेल्या बेडचंही तेच. तो नीट गाळू लागेपर्यंत वेळ लागतो. या पहिल्या पाण्यासाठी थेट गटारात जाणारी वेगळी वाट ठेवता येते. जुन्या केंद्रांत ती बहुधा नसतेच, आणि दुरुस्तीच्या प्रस्तावांत तिचा आग्रह कुणी धरताना दिसत नाही. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात या एका पाइपने जे साधेल ते स्काडाने साधणार नाही.

आणि माणूस. कॅनडात वॉकर्टन नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम पाच हजार. मे २००० मध्ये पावसाने शेणखताची घाण विहिरीत उतरली. सात माणसं मेली, २,३०० आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. क्लोरिन आणि गढूळपणा सतत मोजणारे मापक असते तर ही साथ रोखता आली असती. आणि केंद्र चालवणाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. क्लोरिन न मोजताच वहीत आकडे लिहिण्याची सवय त्यांना वर्षानुवर्षं लागली होती. उलट बाजूचा दाखला फ्लोरिडातल्या ओल्डस्मारचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या पडद्यावर कॉस्टिक सोड्याची मात्रा शंभरावरून अकरा हजार शंभरावर गेली. ते बाहेरच्या कुणी केलं की आतल्या चुकीने झालं यावर नंतर वाद झाला. पण पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याने ते पाहिलं आणि लगेच मात्रा पूर्ववत केली, म्हणून शहराला काही झालं नाही. त्याला आकड्याचा अर्थ कळत होता.

आपल्या फिल्टर प्लांटवरच्या माणसाला तो अर्थ कळावा यासाठी आपण काय करतो? लहान नगर परिषदांमध्ये ही कामं बरीचशी कंत्राटावर चालतात. रात्रपाळीला एकटा माणूस, क्लोरिनच्या नऊशे किलोच्या टनरशेजारी. त्याच्या पगाराला निधी नाही, प्रशिक्षणाला नाही, आणि त्याच इमारतीत यंत्रांसाठी मात्र अनुदान आलेलं. योजनेचा पैसा उभारणीला मिळतो आणि चालवण्याचा खर्च पाणीपट्टीतून करायचा असतो, आणि पाणीपट्टी वाढवायला कुणी धजत नाही. नागपूरला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे अनुभवी अभियंते आहेत. वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड या नगर परिषदा आणि मालेगाव, मानोरा या नगर पंचायती मिळून आपल्या सगळ्या केंद्रांसाठी मापक तपासणारा, कार्ड बदलणारा, बेड उघडून पाहणारा एक पक्का गट ठेवू शकतात. एकेका गावाला तो परवडणार नाही, सहा जणांत परवडेल. निविदेत पाच वर्षांच्या देखभालीबरोबर सुटे भाग आणि प्रोग्रॅमची प्रत नगर परिषदेच्या ताब्यात देण्याची अट घालायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. शहरात राहणाऱ्यांचं प्रमाण कमी असलं तरी गावोगाव आता जलजीवन मिशनच्या नळयोजना झाल्या आहेत, काहींना धरणाचं पाणी आणि स्वतःचं लहान शुद्धीकरण केंद्र आहे. म्हणजे हा प्रश्न सहा शहरांपुरता राहिलेला नाही. ज्या गावात ग्रामसभा भरते, तिथेही तो विचारता येतो.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावाच्या फिल्टर प्लांटवर एकदा जा. रीतसर परवानगी घ्या, सोबत शाळेतली पोरंही न्या. बेड धुताना पाहा. काळं पाणी निवळत जाताना पाहिलेलं मूल नळाचं पाणी वाया घालवताना दोनदा विचार करील. आणि नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा धरण किती भरलं हे विचाराच, पण त्यासोबत हेही विचारा: आपल्या प्रत्येक बेडमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा कोण मोजतं, किती वेळाने मोजतं, आणि ती नोंद आम्हाला कुठे पाहायला मिळेल?